दीड फेरा

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून सासरे डोळे मिटायचे, तेव्हा घरात कुणी ब्र काढायचा नाही, असा नियम होता. तो कुणी केलेला नव्हता, सवयीने पडलेला होता. सासूबाई स्वयंपाकघरातला नळ बंद करायच्या. त्यांचा मुलगा दुकानाला निघालेला असला तरी दाराची कडी हातात धरून थांबायचा. मग सासरे कार्बोरेटरच्या बाजूचा पितळी स्क्रू केसभर फिरवायचे, आणखी केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, “हं. आता बोलतेय.” मगच नळ पुन्हा वाहू लागायचा.

मोटारसायकलवाल्यांच्या क्लबात त्यांना कानसेन म्हणत. पस्तीस वर्षं ते पंपांच्या कारखान्यात फिटर होते. कुठल्या पंपाचं बेअरिंग महिन्याभरात जाणार हे ते त्याच्या शेजारून चहाला जाताना सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर ती ख्याती मोटारसायकलींकडे वळली. सुनेला मात्र क्लबात मोजपट्टी म्हणत. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. टायरमधली हवा ती खिशातल्या गेजने मोजायची, पेट्रोलमध्ये घालायचं तेल सुईविना सिरिंजने. आणि गाडी धुतली की स्क्रू कुठे आहे, कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी सुई कुठल्या खाचेत आहे, हे एका निळ्या वहीत टिपायची.

“वहीतली गाडी वहीतच पळते,” सासरे चिडवायचे.

“आणि कानातली?”

“कानातली माझ्याबरोबरच जाईल वर. तोवर तू बिनघोर राहा.”

गाडी ट्रायल्सची होती. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे, उलट घाई करणाऱ्याचा तिथे पहिल्याच वळणावर कचरा होतो. जुन्या दगडखाणीत किंवा ओढ्याच्या पात्रात फिती बांधून अरुंद वाट आखतात. वाटेत कातळ, ओंडके, चिखल. त्यातून जमिनीला पाय न लावता गाडी काढायची. पाय टेकला की एक दंडगुण, गाडी बंद पडली की पाच. या गाडीला सीटही नसते, कारण बसायचंच नसतं. माणसाच्या चालीने रांगणाऱ्या गाडीने एका बोटाच्या इशाऱ्यावर कमरेएवढा कातळ चढायचा असतो, आणि अशा वेळी इंजिनाने “काय म्हणालात?” असं विचारून चालत नाही. म्हणून सगळा जीव त्या स्क्रूत.

आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा धुण्याच्या यंत्राच्या आणि चपलांच्या कपाटाच्या मधल्या जागेत ही गाडी स्टँडवर उभी होती. “चालवून बघू?” असं तिने विचारलं. सासऱ्यांनी तिच्याकडे न बघता तिच्या पायांकडे, घोट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “उद्या जाड बूट घालून ये.” मुलगा लहानपणी एकदाच गाडीवर बसला होता, तो चर खणलेल्या जागी पडला होता आणि त्यानंतर त्याने सगळं लक्ष चष्म्यांत घातलं. त्याचं चष्म्याचं दुकान आता चांगलं चालत होतं. “मुलगा गेला काचेत, सून आली चिखलात,” सासूबाई म्हणायच्या, “माझ्या फरशीला विचारतंय कोण!”

गेले काही महिने चढावर रेस दिली की तिला एक बारीक आवाज यायचा. काचेवर चिमूटभर वाळू फेकावी तसा. एकदा तिने विचारलंही होतं.

“वाळू?” सासरे म्हणाले. “अगं, घंटेसारखी खणखणीत वाजतेय. तुझ्या हेल्मेटात खडा गेला असेल.”

तिने घरी येऊन हेल्मेट खरंच उलटं करून झटकलं. कानसेनांनी सांगितलं म्हणजे खडाच असणार.

खाणीतल्या सरावाच्या त्या रविवारी ती उंच कातळ चढत होती. पुढचं चाक वर पोचलं, तिने बोटभर रेस वाढवली, वाळू वाजली आणि इंजिनाने आतून कुणी मूठ आवळावी तसा श्वास रोखला. मागचं चाक जागच्या जागी थिजलं. गाडी एकीकडे, ती दुसरीकडे, अशी ती पाठीवर वाळूच्या ढिगात पडली.

अडुसष्ट वर्षांचे सासरे चप्पल मागे टाकून धावत आले. “हाड?”

“नाही. खांदा खरचटलाय.”

“बोटं हलव. मान हलव. नाव सांग.”

“माझं की तुमचं?”

“ठीक आहे म्हणजे,” ते म्हणाले आणि मग गाडीकडे वळले. प्लग बाहेर काढला, रुमालाने धरला आणि बघत राहिले. प्लगचं टोक फळ्यावरच्या खडूसारखं पांढरं होतं. प्लग बदामी दिसला म्हणजे आत सगळं क्षेम, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त, हे त्यांनीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. हवा जास्त झाली की इंजिन तरतरीत वाजतं, पण आतून भाजत राहतं. पेट्रोल नुसतं जळत नाही, ते आत थंडावाही देतं, आणि अशा गाडीत तेलही तेच वाहून नेतं.

घरी सिलिंडर उघडला तर पिस्टनच्या एका अंगावर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे ओरखडे होते. वर्षातली शेवटची स्पर्धा पंधरा दिवसांवर होती.

“हवा खातेय कुठून तरी,” सासरे म्हणाले. “शोधू. कुठे जाईल?”

तीन संध्याकाळी त्यांनी ती हवा शोधली. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. रबरी नळी वाकवून वाकवून तडा शोधला. दोन्ही बाजूंची सीलं बदलली, सगळी गॅस्केटं बदलली, नवा पिस्टन बसवला. हवा कुठेच सापडेना. सासऱ्यांचा चेहरा हरवलेली किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा झाला होता, एकच खिसा पाच वेळा तपासणारा.

चौथ्या दिवशी त्यांनी कार्बोरेटरची जेटं, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकांची तोंडं, धुवायला काढली. त्यासाठी नवऱ्याच्या दुकानातलं जुनं यंत्र घरी आणलेलं होतं. चष्मे धुवायचं ते यंत्र, पाण्याला अतिसूक्ष्म थरथर देऊन फटीतली घाण काढणारं. पूर्वी एकच यंत्र दोन्ही कामांना वापरत. मग एका गिऱ्हाइकाने “माझ्या चष्म्याला पेट्रोलचा वास का येतो?” असं विचारलं, तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारून ते कायमचं बापाला देऊन टाकलं. ते चालू असलं की कर्कश, बारीक, दात आंबवणारी शीळ घालायचं. सुरुवातीला सासरे बटण दाबून खोलीबाहेर पळायचे.

आज ती बूट काढत होती, तेव्हा सासरे यंत्राच्या शेजारी स्टुलावर बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. शीळ चालू होती. थोड्या वेळाने त्यांनी चष्म्यावरून यंत्राकडे पाहिलं.

“हे बंद पडलेलं दिसतंय,” ते म्हणाले. “बटण बघ गं जरा.”

तिने बटणाकडे बघितलं. हिरवा दिवा लागलेला होता. शीळ तिच्या दाढांपर्यंत पोचत होती.

“चालू आहे, बाबा.”

“असं? मऊ झालंय हल्ली.” त्यांनी पान उलटलं.

तिने एक बूट हातात घेऊन तसंच उभं राहून विचार केला. प्रयोगशाळेत रंग चुकीचा आला की आधी पाण्यावर संशय घ्यायचा, मग रसायनावर, मग काचेवर. बघणाऱ्या डोळ्यावर कुणी घेत नाही, तो शेवटी राहतो.

निळी वही तिने त्या संध्याकाळी पहिल्या पानापासून वाचली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी: स्क्रू पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर, सुई वरून तिसऱ्या खाचेत, प्लग बदामी. पुढची चार वर्षं तेच. मग पावणेदोन. मग दोन. मग सुई दुसऱ्या खाचेत. मग सव्वादोन. गेल्या महिन्यात पावणेतीन फेरे, सुई पहिल्या खाचेत. स्क्रू जितका बाहेर, तितकी हवा जास्त. खाच जितकी वरची, तितकी सुई खाली बसते आणि तितकं पेट्रोल कमी. प्रत्येक नोंद तिच्याच अक्षरात होती. ती लिहीत गेली आणि वाचलं एकदाही नाही. कानसेनांनी लावलेला स्क्रू, त्यात वाचायचं काय?

सासऱ्यांच्या कानातून वरचे, बारीक स्वर निघून गेले होते. ते गेल्यावर बरोबर लावलेली गाडीही त्यांना भरल्या घशाची वाटत असणार, म्हणून ते हवा वाढवत होते. ती पुन्हा त्यांच्या आठवणीतल्या घंटेसारखी वाजेपर्यंत.

भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना तिने हळू आवाजात सांगितलं.

“हळू कशाला बोलतेस? त्यांना ऐकू येणार आहे थोडंच!” सासूबाई म्हणाल्या आणि मग स्वतःच थबकल्या. “दोन वर्षं झाली मला ओरडून बोलताना. मला वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष करतात.”

“मुद्दाम?”

“आधीची चाळीस वर्षं मुद्दामच करत होते ना! बदल कळायचा कसा माणसाला?” त्यांनी हातातली शेंग मोडली आणि मोडून तशीच धरून ठेवली. “त्यांना सांगणार तू?”

“तुम्ही सांगता?”

“मी सांगितलं तर ऐकू यायचं नाही.”

नवऱ्याने रात्रीच्या जेवणाआधी भांडी लावता लावता सगळं ऐकून घेतलं. “डोळ्याला नंबर लागला की लोक मिरवत फ्रेम निवडतात,” तो म्हणाला. “कानाचं म्हटलं की मेल्यासारखं तोंड करतात. आणि बाबांचं तर... अगं, कारखाना सुटला, गुडघ्यांमुळे गाडी सुटली. कान तेवढा राहिलाय त्यांच्यापाशी. तो काढून घेतलास तर स्टुलावर बसून करतील काय?”

हा प्रश्न तिलाही पडलेला होताच. म्हणून तिने आधी पळवाट काढली. गाडी जोडून झाली होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तिने सुई गुपचूप तिसऱ्या खाचेत नेली आणि स्क्रू दीड फेऱ्यावर आणला. संध्याकाळी घरी आली तर स्क्रू पुन्हा पावणेतीनवर. तिसऱ्या दिवशी दीड, संध्याकाळी पावणेतीन. सुईकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं, पण स्क्रूवरून दोघांत हे मुकं युद्ध चार दिवस चाललं आणि त्यातल्या एकालाच ते युद्ध आहे हे माहीत होतं.

पाचव्या दिवशी चहा पिताना सासरे म्हणाले, “या स्क्रूची स्प्रिंग मेलीय. आपोआप आत जातो. रोज बघतो, रोज बोजड वाजते. मला तर वाटायला लागलंय की...” ते थांबले. “काही नाही. स्प्रिंगच असेल.”

तिने कप खाली ठेवला. कान गेलाच होता. आता हातांवरचा विश्वासही ती तिच्याच हातांनी काढून घेत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “एक खेळ खेळू या?”

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं. तिने गाडी चालू करून स्क्रू वेगवेगळ्या जागी न्यायचा. त्यांना आवाज सगळ्यात गोड वाटला की त्यांनी हात वर करायचा. तिने जागा वहीत टिपायची. तीनदा.

“परीक्षा घेतेस सासऱ्याची?” ते खूश होऊन म्हणाले आणि भिंतीकडे वळले. सासूबाईंनी नळ बंद केला.

तिन्ही वेळा हात एकाच जागी वर गेला.

“किती, किती?” गाडी बंद होताच त्यांनी वही ओढून घेतली. “पावणेतीन, पावणेतीन, पावणेतीन. बघ! केसाचा फरक नाही. याला म्हणतात कान. लिही तुझ्या वहीत ठळक अक्षरात.”

“लिहिलंय,” ती म्हणाली. “आता पहिल्या पानापासून वाचा.”

ते वाचू लागले. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. दीड. दीड. पावणेदोन. दोन. एका पानावर बोट बराच वेळ थांबलं. फिटरचं डोकं होतं ते, चढत जाणारे आकडे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “मग हवा?”

“हवा कुठून येत नाहीये, बाबा. आपणच सोडतोय.” तिने शेजारच्या यंत्राकडे बोट केलं. “हे यंत्र आत्ता चालू आहे. मगाशी मीच चालू केलंय.”

सासऱ्यांनी यंत्राकडे पाहिलं. कान पुढे नेला. मग हळूच तळवा त्याच्या पत्र्यावर ठेवला. पाण्याची थरथर त्यांच्या बोटांत चढली असणार, कारण चटका बसल्यासारखा त्यांनी हात उचलला आणि पुन्हा ठेवला. बराच वेळ ठेवून बसले.

“बरं,” ते म्हणाले. उठले, नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि आत जाऊन आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. सासूबाई आत जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलत राहिल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच हळू. त्यांना ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

सकाळी ती खाली आली तेव्हा सासरे स्टुलावर होते. हातात एक जुनं पाकीट, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने केलेली यादी.

“नऊ,” ते म्हणाले. “तुझी धरून दहा.”

“काय नऊ?”

“दोन वर्षांत मी कान लावलेल्या गाड्या. गवंड्याची, बेकरीवालीची, त्या दोन जुळ्या भावांच्या... सगळ्या माझ्या हातच्या. सगळ्या भाजतायत आतून.”

तिला हे सुचलंच नव्हतं. तिने आठ वर्षांची वही चाळली होती, पण तिच्या वहीत तिचीच गाडी होती.

“त्यांना फोन करून कळवू या,” ती म्हणाली.

“फोनवर मला नीट ऐकू येत नाही,” सासरे म्हणाले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेन्सिलीचं टोक अंगठ्याने तपासलं. “तू निरोप पाठव. रविवारी सकाळपर्यंत गाडी चालवू नका म्हणावं. का ते मी समोर सांगेन.”

“समोर कशाला, बाबा? मी लिहिते ना. स्क्रू दीड फेऱ्यावर आणा, सुई तिसऱ्या खाचेत, एवढंच. कशामुळे, ते सांगायची गरज नाही.”

“तू पडलीस तेव्हा खाली वाळू होती,” ते म्हणाले. “बाकीच्यांच्या नशिबी काय होतं, ते मला माहीत नाही. समोरच सांगेन.”

शुक्रवारी नवरा त्यांना कानांच्या तपासणीला घेऊन गेला. आलेख घेऊन ते परतले, तेव्हा तो त्यांनी टेबलावर पसरला आणि सगळ्यांना बोलावलं. रेघ डावीकडे सपाट होती आणि मध्यावरून सरळ खाली कोसळत होती.

“असा उतार मी तरुणपणीसुद्धा उतरलो नसतो,” ते म्हणाले. “इथे खुशाल फिती बांधून पाच दंडगुण द्यावेत.” कुणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच हसले. कानाला यंत्र लावायचं ठरलं होतं, पण ते यायला तीन आठवडे होते. शिवाय माणसाचं बोलणं परत येईल, गेलेले बारीक स्वर पूर्वीसारखे येतीलच असं नाही, हेही तिथे सांगितलं होतं. ते त्यांनी जाता जाता सांगितलं, चपला कपाटात ठेवता ठेवता.

रविवारी, स्पर्धेच्या सकाळी, खाणीच्या माळावर नऊ गाड्या एका ओळीत लागल्या होत्या. निरोपाने क्लबात खळबळ उडाली होती. कुणी म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ सापडलीय, कुणी म्हणे कानसेन क्लब सोडतायत. सासरे ओळीसमोर उभे राहिले. हातात तोच स्क्रूड्रायव्हर, त्याची मूठ कानामागच्या हाडाने घासून गुळगुळीत झालेली.

“मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत,” ते म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने. “बरेच दिवस झाले, मला कळलं आत्ता. तुमच्या गाड्यांत मी हवा जास्त सोडलीय. आमची सून पडली त्यामुळे. आज सगळ्या पुन्हा लावायच्या. त्याआधी कुणी चालू करून चढावर घालू नये. झालं.”

मग गवंडी, जो अंगाने त्याच्या गाडीच्या दीडपट होता, म्हणाला, “म्हणून गाडी तापते होय! मी महिनाभर भात सोडला, वाटलं माझ्याच वजनाने तापतेय.”

ओळ हसली. सासरे हसले नाहीत. ते बेकरीवालीसमोर जाऊन उभे राहिले. ही पन्नाशीची बाई पहाटे भट्टी लावून सरावाला यायची, आणि गेल्या वर्षी तिचा पिस्टन जळला होता.

“तुला मी सगळ्यांसमोर बोललो होतो,” ते म्हणाले. “स्वस्त तेल वापरतेस म्हणून. तेल चांगलं होतं. चूक माझी होती. ती पण सगळ्यांसमोर ऐक.”

बेकरीवालीने हातमोजे काढले आणि कमरेवर हात ठेवले. “काका, तेल माझा नवरा आणतो. तुमच्यामुळे मी तीन महिने त्याच्याशी धड बोलले नाही.”

“मग आता?”

“आता काय? आज घरी जाऊन त्याला गोड बोलावं लागणार. आयता सुखाचा अबोला घालवलात!”

या वेळी सासरेही हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल काढून डोळ्यांऐवजी स्क्रूड्रायव्हर पुसला.

“दीड फेऱ्यावर लावा नि सोडा,” जुळ्या भावांतला एक म्हणाला.

“तसं होत नाही,” सासरे म्हणाले. “दीड आमच्या गाडीचं. प्रत्येकीची तब्येत वेगळी. ऐकावंच लागतं.” आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ सुनेपुढे धरली.

“मी?” ती दचकली. “बाबा, मला नाही येत. मी मोजते.”

“वाळू कुणाला ऐकू आली होती? मला की तुला?”

तिने मूठ कानामागे टेकवली. हाडातून इंजिन तिच्या डोक्यात शिरलं, आणि आठ वर्षं बाहेरून ऐकलेला आवाज आतून किती दाट, किती गर्दीचा असतो हे तिला पहिल्यांदा कळलं. सासरे गुडघ्यांवर कसेबसे बसले. एक बोट रेसच्या तारेवर, दुसऱ्या हातात छोटा पेचकस पितळी स्क्रूवर.

“स्क्रू पार आत नेलाय. आधी बोजड वाजेल, पोटातून,” ते तिच्या चेहऱ्याकडे बघत सांगू लागले. “मग मोकळी होईल. मग रेस दिल्यावर तुझी ती वाळू. वाळू येईल तिथून पाव फेरा मागे. सांग.”

“बोजड आहे. अजून. अजून... मोकळी झाली.”

“अजून फिरवतो.”

ती काही बोलायच्या आत त्यांचा हात थांबला आणि पाव फेरा मागे आला.

“मी सांगितलंच नव्हतं!”

“भुवई उडाली तुझी,” ते म्हणाले. “वाळू आली ना?”

“आली.”

“मग? चला, पुढची.”

तिसऱ्या गाडीपासून तिने बोलणंच सोडलं. ती डोळे मिटून ऐकायची, ते डोळे उघडे ठेवून तिच्या भुवया वाचायचे. ओळीतले लोक आपोआप गप्प झाले. कुणी तरी लांब कुणाला हाक मारली, तर गवंड्याने तोंडावर बोट ठेवून त्याला दटावलं. नऊ गाड्यांचं आणि मग तिच्या गाडीचं होईपर्यंत तिची स्वतःची सुरुवातीची वेळ टळून गेली होती. ती सगळ्यात शेवटी, उन्हाच्या कडाक्यात, आधीच सगळ्यांनी चिखल करून ठेवलेल्या वाटांवर निघाली. त्या उंच कातळापाशी तिने बोटभर रेस वाढवली. वाळू नाही. पुढचं चाक गेलं, मागचं गेलं. खालच्या ओढ्यात मात्र दोनदा पाय टेकला, एकदा अगदी विनाकारण, फितीपाशी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बघण्याच्या नादात.

परतल्यावर सासऱ्यांनी गाडी थंड व्हायची वाटही बघितली नाही. प्लग रुमालात धरून काढला, उन्हात फिरवून बघितला आणि तिच्या तळहातावर ठेवला. बदामी.

“आवाज मात्र मला अजून बोजडच वाटतो, बरं का,” ते म्हणाले.

“वाटू दे.”

“वाटू दे,” ते स्वतःशी म्हणाले. मग म्हणाले, “लिही वहीत. दीड फेरा आणि केसभर.”

“केसभर म्हणजे किती, बाबा? आकडा सांगा.”

“केसभर म्हणजे केसभर. तू ऐकलंस, मी फिरवला. आकडा कशाला हवा?”

तिने वही गुडघ्यावर उघडली, पेनाचं टोपण दातांत धरलं, थोडा विचार केला आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच मोजता न येणारी गोष्ट वहीत लिहिली. सासऱ्यांनी वाकून ती वाचली, मान हलवली आणि गाडी ढकलत टेम्पोकडे निघाले.